पत्त्याला विचारावं

एकदा एका रेल्वे जंक्शनच्या गावी एक वृद्ध राहत असत. त्यांची उभी हयात टपालाच्या डब्यात गेली होती. गाडी धावत असायची आणि ते हलत्या डब्यात उभे राहून एकेक पत्र ज्या त्या गावाच्या खणात टाकत असायचे. निवृत्त झाल्यावर नातवाच्या जुन्या संगणकावर त्यांनी हळूहळू जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकून घेतली आणि पुढे गावातल्या मुलामुलींना शिकवूही लागले. सगळे त्यांना आबा म्हणत.

त्यांची एक शिष्या डायलिसिसच्या एका धर्मादाय केंद्रात कामाला लागली होती. दर सोमवारी केंद्रातून प्रत्येक रुग्णाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या फोनवर एक लिंक जाई. ती दाबली की मुलीने लिहिलेला प्रोग्रॅम त्या लिंकच्या पत्त्यातून रुग्णाचा क्रमांक काढी आणि यंत्रावरची त्याची त्या आठवड्यातली पहिली पाळी, म्हणजे वार आणि वेळ, त्याला दाखवी. चार आकडी क्रमांक पत्त्याच्या शेवटी असे, म्हणून तिने साधा हिशेब केला होता: शेवटची चार अक्षरे कापून घ्यायची. आठ महिने सारे सुरळीत चालले.

मग एका म्हाताऱ्या विणकराच्या सुनेने आपल्या फोनवर आलेली लिंक सासऱ्यांच्या फोनवर पाठवली. पुढे पाठवताना त्या पत्त्याला मागून एक लांब शेपूट चिकटली. अशा शेपट्या चिकटतात, माणसाला त्या दिसतही नाहीत. प्रोग्रॅमने इमानेइतबारे शेवटची चार अक्षरे कापली. ती शेपटीतली होती, पण नेमके आकडेच होते. तो क्रमांक निघाला दुसऱ्याच रुग्णाचा. विणकराची पाळी मंगळवारची, पडद्यावर दिसला गुरुवार. बुधवारी पहाटे त्यांचा श्वास कोंडला. रिक्षात घालून आणले, यंत्रावर घेतले, वाचले. डॉक्टर मुलीला रागावले नाहीत. दुसऱ्यांदा इतकं नशीब नसतं, एवढेच म्हणाले.

दोन दिवस ती शेपट्या छाटत बसली. एक ओळखीची झाली की दुसरी निघे. अकरा झाल्या, बारावी आली. येत्या सोमवारी पुन्हा साठ लिंका जाणार होत्या आणि त्यांत विणकराची होती. शनिवारी दुपारी ती आबांकडे आली. सगळे सांगून झाल्यावर म्हणाली की माझा हात या कामाचा नाही, मी नोकरी सोडते.

आबांनी कपाट उघडले. त्यांनी एक कोरे पाकीट तिच्यापुढे ठेवले आणि त्यावर विणकराचा पत्ता लिहायला सांगितले. तिने लिहिला. मग त्यांनी कात्री दिली.

“यातलं गाव कापून दे.”

तिने नेमके गावाचे नाव कापले आणि त्यांच्या हातावर ठेवले.

“छान कापलंस. आता पाकीट पेटीत टाकून ये.”

ती भोक पडलेले पाकीट हातात धरून तशीच उभी राहिली. हे काय चालले आहे ते तिला कळेना. इतक्यात पोस्टमनबाई सायकल टेकवून ओसरीवर आल्या. आबांनी कपाटातून तीन जुनी पाकिटे काढली आणि एकेक त्यांच्यापुढे धरून विचारू लागले. गाव कोणतं? पिन कोणता? कुणाच्या नावे?

“आबा, रिटायर झालात, पण माझी परीक्षा काही सुटत नाही बघा,” बाई म्हणाल्या आणि पदराने घाम पुसत सांगू लागल्या. पहिल्या पाकिटावरचा पत्ता कुणा मुलाने वाकडातिकडा, पार कडेपर्यंत लिहिलेला होता. बाईंनी एका नजरेत गाव सांगितले. दुसऱ्यावर गिरणीमागे, लिंबाशेजारी, अमक्याच्या चुलत्याच्या घराला लागून, असे पुराण होते. त्यातूनही त्यांनी गाव, पिन आणि नाव वेगळे काढून दिले. तिसरे पाकीट मात्र उलटसुलट पाहून परत केले.

“ह्यात गावच नाही.”

“अंदाजानं सांगा की.”

“अंदाजानं? म्हणजे एकाच्या मयताची खबर दुसऱ्याच्या दारात? नाही बाई, मला नाही जमायचं.” आणि पाणी पिऊन त्या निघून गेल्या.

मग आबा सावकाश बोलले.

“पोरी, मी चौतीस वर्षं पत्ते वाचले, कापला एकही नाही. पत्ता म्हणजे कापड नव्हे, बोटं मोजून फाडायला. त्याचा प्रत्येक भाग आपलं काम जाणतो. तू त्याची लांबी मोजलीस, त्याला विचारलं नाहीस. आणि कात्रीचा दोष कळला का तुला? तिला ‘नाही’ म्हणता येत नाही. चार अक्षरं माग, ती चार देतेच, कुणाची का असेनात.”

मुलगी संगणकापुढे बसली. जावास्क्रिप्टमध्ये यूआरएल नावाची, पत्त्याचे भाग ओळखून सांगणारी एक तयार सोय असते. आबांनी ती पूर्वी शिकवलेली होती. एवढ्याशा कामाला ती कशाला, म्हणून मुलीने बाजूला ठेवली होती. आज तिने विणकराचा तो शेपटीवाला पत्ता कुठेही न छाटता अख्खा तिच्या हवाली केला आणि विचारले: घर कुणाचे? उत्तर आले, केंद्राचे. आत जायची वाट कोणती? आली. प्रश्नचिन्हाच्या पुढे जे लिहिले आहे, त्यात ‘रुग्ण’ या नावाने काय आहे? चार आकडे आले, विणकराचेच. शेपूट आपल्या जागी गुपचूप बसून होती. तिने नुसता क्रमांक बदलून पाहिला, तर तेवढाच बदलला आणि बाकीचा पत्ता जसाच्या तसा उभा राहिला.

आबा तिच्या खांद्यावरून पाहत होते. पडद्यावर बोट न टेकवता त्यांनी दाखवले की घराचे नाव उजवीकडून वाचावे. सगळ्यांत मोठा मुलूख शेवटी असतो, जसा पाकिटावर पिन खाली. आणि आतली वाट डावीकडून वाचावी. ती बारीक होत होत एका खोलीपाशी थांबते. एका ओळीत सगळे जग येते आणि त्यातले एकच दार उघडते. मुलीने असे पत्ते हजारदा लिहिले होते. पाहिले मात्र आज पहिल्यांदा. तिने शेपट्या छाटणाऱ्या ओळी पुसून टाकल्या आणि क्रमांक सापडला नाही तर अंदाज न करता आपल्याला कळवावे, एवढे प्रोग्रॅममध्ये लिहिले.

सोमवारी लिंका गेल्या. सुनेने या खेपेला लिंक पुढे पाठवली नाही, हाताने उतरवून पाठवली, आणि तसे करताना शेवटचा भाग राहून गेला. विणकरांनी ती दाबली. प्रोग्रॅमने पत्त्याला क्रमांक विचारला आणि पत्त्याने सांगितले, माझ्यापाशी नाही. पडद्यावर कोणताही वार उमटला नाही. मुलीच्या टेबलावरच्या संगणकावर मात्र एक ओळ उमटली: एका रुग्णाचा क्रमांक मिळाला नाही. तिने यादी घेतली आणि ज्यांची पाळी प्रोग्रॅमने अजून दाखवली नव्हती त्यांना शोधत एकेक फोन लावत गेली. सातवा फोन विणकरांनी उचलला.

“मामा, उद्या मंगळवार. सकाळी साडेसातला या.”

“फोनवर तर काहीच येईना गं.”

“म्हणूनच मी केला, मामा.”

मंगळवारी ते वेळेवर आले आणि यंत्राला लागून पडल्या पडल्या झोपी गेले. मुलगी दारात उभी राहून त्यांचा संथ चालणारा श्वास ऐकत राहिली. ज्याला ‘मला ठाऊक नाही’ म्हणता येते, त्याच्याच उत्तरावर माणसाने जीव सोपवावा, हे तिला कुणी सांगावे लागले नाही.