उस्तिन्याचा धूर

सैबेरियात एक जिल्हा आहे. पसारा एवढा की आपले चार-पाच जिल्हे त्यात सहज मावतील, आणि माणसं एवढीच की सगळी मिळून एखाद्या आठवडी बाजारात मावतील. बाकी जंगल, दलदल आणि एक मोठी नदी. उन्हाळ्यात दलदलीतून गाडी जात नाही. म्हणून सरकारही तिथे हिवाळ्यातच पोचतं, नदी गोठली की बर्फावरून, घोड्याच्या घसरगाडीत बसून.

त्या नदीकाठच्या शेवटच्या गावात, तालिन्कात, फार वर्षांपूर्वी उस्तिन्या नावाची म्हातारी राहायची. गावातली बरीच घरं ओस पडली होती. त्यात जिल्ह्याचा हुकूम आला की ज्या गावात निम्म्याही चुली पेटत नाहीत, ते नकाशावरून काढून टाकायचं. मग तिथे ना टपाल, ना डॉक्टर, ना मीठ. उरलेल्यांनी सामान उचलून दुसरीकडे जायचं. उस्तिन्याचा नवरा आणि मुलं तिथल्याच मातीत निजली होती. तिला कुठेही जायचं नव्हतं.

जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार त्या सकाळी तिने मडक्यात निखारे घेतले आणि ओस घरांतून फिरत एकेक चूल पेटवली. तिच्या मडक्यातले निखारे विझेनात, काखेतली लाकडं सरेनात, असं म्हणतात.

शेजारी हसले. "आजी, भुतांचा स्वयंपाक करतेस का?"

"करते की. तेवढी लाकडं फोडून द्या."

हसत हसत त्यांनी दिली.

दुपारी वादळ सुटलं. साहेबांची घसरगाडी वाट चुकली. नदी कुठली, काठ कुठला, काही कळेना. पण त्या वाऱ्यातही तालिन्काचा धूर सरळ उभा होता, असं म्हणतात. त्या धुराच्या रोखाने गाडीवानाने घोडा हाकला. साहेब पहिल्या घरापाशी पोचले, आत शिरले आणि चुलीपाशी कोसळले.

संध्याकाळी उस्तिन्या लाकडं घालायला आली, तर साहेब शेकत बसलेले. घरात ना अंथरूण, ना भांडं. त्यांना सगळं कळून चुकलं होतं.

"या घरात कोण राहतं?"

गाव गेलंच, असं उस्तिन्याला वाटलं. पण खोटं बोलायला जीभ रेटेना.

"आज तुम्ही राहताय, साहेब."

साहेबांनी विस्तवात आणखी एक लाकूड सरकवलं. सकाळी निघताना त्यांनी गाडीवानाला सांगितलं, "तालिन्कात चुली पेटतात. मी स्वतः शेकलोय." आणि गाव नकाशावर राहिलं.

उस्तिन्या गेली त्या दिवशी सगळ्या ओस घरांच्या धुराड्यांतून आपोआप धूर निघाला, असं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण अजूनही वादळ उठलं की गावातलं कुणीतरी निखारे घेऊन निघतं, काठावरच्या रिकाम्या घरात चूल पेटवतं, वर किटली ठेवतं आणि दाराला कडी घालत नाही. कुणी वाटचुका आत आला तर त्याला गाव विचारत नाहीत. तेवढ्या रात्रीपुरता तो तालिन्काचाच असतो.