गुजाआजीची वाटी

एक होता राजा. त्याची एक राणी आणि एकुलती एक मुलगी, बकुळा. घरात कशाला काही कमी नव्हतं, बरं का. पण बकुळा जेवायची नाही. आचाऱ्यानं लाडू केले, तिनं तोंड फिरवलं. जिलबी केली, तिनं डोळे मिटून घेतले. राणी बिचारी सारखी पोरीच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप नाही, खोकला नाही, मग हिला झालंय तरी काय?

एकदा काय झालं, राजवाड्यामागच्या गुजाआजीची गाय व्याली. आजीनं चिकाचा खरवस केला आणि गल्लीत घरोघरी वाटला. राजाचं घरही शेजारचंच की. मग तिथंही एक पितळी वाटी गेली.

आणि बकुळानं ती वाटी चाटूनपुसून खाल्ली. राणीला रडूच आलं.

आता शेजारणीची वाटी रिकामी परत देऊ नये, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण राजाच्या घरी आजवर कुणाची वाटीच आली नव्हती. काय भरायचं ते त्याला कुठलं कळायला? त्यानं भरले मोती. गुजाआजीनं मोती परत पाठवले, वर दोन चिंचा ठेवल्या. निरोप असा, की माझे दोनच दात उरलेत, ते मला भाकरीला लागतात.

चिंचा बकुळानं खाल्ल्या. मग राजाला जोर चढला. त्यानं वाटी हत्तीच्या सोंडेत दिली आणि हत्तीच भेट पाठवला. हत्ती बोळात शिरला आणि पोटाशी अडकला. पुढं जाईना, मागं येईना. बायकांनी पाण्याला जायचं कसं? मग सगळ्यांनी त्याच्या पोटाला तेल चोळलं आणि त्याला मागं ओढला. निघता निघता त्यानं आजीच्या छपरावरचा भोपळा खाल्ला.

आता मात्र आजी रुसली. तिनं वाटी ठेवून घेतली. निरोप नाही, काही नाही. इकडं बकुळानं पुन्हा जेवण सोडलं.

मग राणी पदर खोचून स्वतः चुलीपुढं बसली. बकुळानं रवा दिला, गूळ दिला. राजाला ढवळायला बसवलं. तो मध्येच मुकुट सारखा करायला उठला आणि शिरा लागला खाली. पण दुसरा करायला धीर कुणाला? बकुळा तोच घरच्या एका वाटीत घेऊन एकटी आजीच्या दारात गेली.

"आजी, थोडा करपलाय. बाबांनी ढवळला."

आजीनं घास घेतला. मग दोन्ही दात दाखवून अशी हसली, की बकुळालाही हसू आवरेना.

"ये बाय, बस. बापाला सांग, वाटीत मावेल तेवढंच द्यावं. आणि ढवळताना उठू नये."

दोघींनी एका ताटात शिरा खाल्ला, वर भाकरी खाल्ली. येताना वाटीत भोपळ्याच्या बिया होत्या. त्यांचा वेल राजवाड्यावर चढला, आणि राजा स्वतः घरोघरी भोपळ्याच्या फोडी वाटत हिंडला. हत्तीलाही एक दिली.

आता त्या गल्लीत कुठली वाटी कुणाची, कुणालाच सांगता येत नाही. बकुळाचं पोट भरलं, राणीचा जीव भांड्यात पडला. वाट्या धुऊन पालथ्या घातल्यात. तुम्हीही पालथे व्हा बघू, पाठीवर हात फिरवते.