लाल दिव्यावरचा पंचा

एका नगरात एक भलंमोठं यंत्र होतं आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान यंत्रं राहत होती. ती हाताला लागायची नाहीत, डोळ्यांना दिसायची नाहीत, पण कामाला वाघ. एक शाळेचं, एक नाटकमंडळीचं, एक नगरशेठचं, एक दवाखान्याचं. मोठं यंत्र बिघडलं तर सगळीच बुडणार, म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकाची हुबेहूब प्रत काढून शेजारच्या कोठारात ठेवायची रीत होती. काही मोडलंच तर ताजी प्रत आणायची आणि काम पुढे चालू. हे सगळं एका कोठाऱ्याच्या हाती होतं.

माणूस कामाचा, पण राग नाकाच्या शेंड्यावर. आणि खरं सांगायचं तर राग यावा अशीच माणसं त्याच्या वाट्याला आली होती. नगराचा नियम असा, की धन्याने हो म्हटल्याशिवाय त्याची एकही जुनी प्रत पुसायची नाही. कोठार काही रबराचं नव्हतं. ते भरत आलं, दारावरचा लाल दिवा लागला, तसा कोठारी घरोघर निघाला.

गुरुजींना त्याने विनवलं, की सुटीभर शाळा बंद होती, सगळ्या प्रती सारख्याच आहेत, एक ठेवून बाकीच्या पुसू का? गुरुजी म्हणाले, असू देत, कधी काय लागेल सांगता येत नाही. नाटकमंडळीच्या मालकाला पडलेल्या नाटकांच्याही झाडून सगळ्या प्रती हव्या होत्या. लोकांनी जी फुकटही पाहिली नाहीत, ती याला जन्मभर जपायची होती. नगरशेठने तर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आधी दुसऱ्यांच्या काढा, म्हणाला. मग नवं कोठार तरी बांधून द्या म्हटलं, तर तिघांनीही हात वर केले.

फक्त दवाखान्याची वैद्यीणबाई स्वतः चालत कोठारात आली. डोंगरपट्ट्यात तापाची साथ नुकतीच सुरू झाली होती. कुठल्या पोराला कोणतं औषध लागू पडलं, कोणतं बाधलं, ते ती रोज आपल्या यंत्रात घालत होती. तिने बसून निवड केली. अलीकडच्या प्रती ठेवा, त्याआधीची महिन्याला एक ठेवा, बाकी पुसा, आणि मोकळी होईल ती जागा माझ्या रोजच्या प्रतीसाठी राखून ठेवा.

"साथ आहे, दादा," ती म्हणाली. "आजची प्रत आजच निघायला हवी."

कोठाऱ्याने मान डोलावली. काम घटकाभराचं होतं. पण त्याच्या डोक्यात गुरुजी, मालक आणि शेठ घोंघावत होते. सगळ्यांची उष्टी मी एकट्यानेच काढायची का, असं त्याला वाटलं. हिचं करून बसलो तर ते म्हणतील, बघा, चाललंय की. त्यापेक्षा तुंबू दे कोठार, बुडू दे काहीतरी, म्हणजे डोळे उघडतील. झालं, त्याने कुणाचंच काही पुसलं नाही. दिवा डोळ्यांत खुपायला लागला, तेव्हा खांद्यावरचा पंचा काढून त्यावर टाकला आणि रोजच्यासारखा दाराशी बसून राहिला.

कोठार गच्च भरलं. नवी प्रत आली की दारातूनच परत फिरायची. यंत्रं सुरळीत चालली होती, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. वैद्यीणबाई येता-जाता विचारायची, माझं होतंय ना रोजच्या रोज? तो म्हणायचा, मी आहे ना. जीभ झडली नाही मेल्याची.

मग एका दुपारी वीज कडाडली आणि मोठ्या यंत्राने मान टाकली. कोठारी धावला. कोठारात प्रती काय कमी होत्या? सुटीतली बंद शाळा रोजच्या रोज होती. पडलेली नाटकं सगळीच्या सगळी होती. दवाखान्याची सगळ्यांत ताजी प्रत उघडली, तर तीत साथीची पहिली चार पोरं तेवढी होती.

ज्यांना अद्दल घडवायची होती, त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. गुरुजींनी हजेरी पुन्हा मांडली, मालकाने तालीम पुन्हा घेतली, शेठ दोन दिवस कुरकुरला. वैद्यीणबाई मात्र तडक कोठारात आली. तिच्यामागे डोंगरपट्ट्यातल्या आया फणफणलेली पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. कोण कसं अडून बसलं होतं, ते कोठारी बोटं मोजून सांगायला लागला. तिने दिव्यावरचा पंचा ओढून काढला. दिवा लालच होता.

"राग त्यांचा आला होता ना, मग त्यांच्यावर काढायचा होतात," ती म्हणाली. "त्यांनी ऐकलं नाही, मी ऐकलं, आणि बुडवलंत कुणाला? यातल्या एका पोराला ते पांढरं औषध बाधलं होतं. कुठल्या, ते आता मला कोण सांगणार?"

वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं. वैद्यीणबाई आयांकडे वळली आणि एकेका पोराची चौकशी पहिल्यापासून करायला लागली. खात्री होईपर्यंत ते पांढरं औषध तिने कुणालाच दिलं नाही, आणि ज्यांना तेच हवं होतं ती पोरंही तापात तशीच कण्हत राहिली.

त्या संध्याकाळी कोठाऱ्याने कुणाला न विचारता सुटीतली शाळा पुसली, पडलेली नाटकं पुसली, शेठची अडगळ पुसली. ती गेल्याचं आजतागायत कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

तात्पर्य एवढंच: नको ते वेळेवर टाकलं नाही, तर हवं ते ठेवायला जागा उरत नाही, आणि आडमुठ्यांना धडा शिकवायला जो आपलं काम टाकतो, त्याचा फटका शहाण्यालाच बसतो.