ढाल जिची, चढाई तिची

प्राचार्या कर्पेबाईंचा आपल्या अंगणातल्या सीताफळाच्या झाडावर भारी जीव. एके दिवशी त्याच झाडावर मैना धायगुडे त्यांना रंगेहाथ सापडली. मैना म्हणजे त्यांच्याच महिला कॉलेजची कबड्डीपटू. उत्कृष्ट खेळाची मानाची ढाल तिने नुकतीच पटकावली होती.

पुढच्या सामन्याला मैदान खचाखच भरलं होतं. बाईंनी माईक हातात घेतला. "चोरट्या मुलीच्या हातात कॉलेजची ढाल शोभत नाही. आण ती इकडे!"

"फळं चोरली ही चूकच झाली, बाई. द्याल ती शिक्षा भोगते," मैना म्हणाली, "पण ढाल मला खेळासाठी मिळाली होती."

"खेळाचं कौतुक मला सांगू नकोस! जिचं वागणं चांगलं, तिचीच ढाल."

"मग तुमच्याइतकं चांगलं वागणारं इथं दुसरं आहे कोण?" असं म्हणत मैनाने ढाल अदबीने बाईंच्याच हाती ठेवली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई खुलल्या.

"आता पदर खोचा, बाई," मैना म्हणाली. "ढाल जिच्याकडे, सामन्याची पहिली चढाई तिची. ही प्रथा तुम्हीच पाडलीय ना?"

बाईंनी समोर पाहिलं. पाहुण्या संघाची धिप्पाड कप्तान मांडीवर थाप मारून त्यांचीच वाट बघत होती.

सारं मैदान हसत सुटलं आणि शेवटी बाईंनाही हसू आवरेना. ढाल मैनाच्या हातात कोंबत त्या म्हणाल्या, "जा, कर चढाई! आणि चोरीची शिक्षा म्हणून उद्यापासून माझ्या झाडाला पाणी घालायचं. खाली उभं राहून!"