गदाधरपंतांचा बोरू

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता आणि त्याच्या पदरी गदाधरपंत नावाचा चिटणीस होता. अक्षर मोत्यासारखे, पण स्वभाव असा आडमुठा की विचारू नका! ओळ संपेपर्यंत बोरू उचलायचा नाही, हा त्याचा बाणा. स्वल्पविराम म्हणजे त्याला राजाचा अपमान वाटे. "राजाज्ञा वाटेत धापा टाकत नाही," असे तो म्हणे. करता काय, सात पिढ्यांचा चिटणीस!

राजाला दोन मुले, मुलगा कृष्ण आणि मुलगी कमळ. एका कोपिष्ट मांत्रिकाने शाप दिला आणि दोन्ही मुले उभ्या जागी पाषाण झाली. राणी सुनयना त्याच्या पाया पडली, तेव्हा मांत्रिक म्हणाला, "डोंगरातल्या गुहेत तीन याद्या पाठवा. लिहाल तेच माझी साळुंकी आणील. जादा शब्द एकही नको. पहिल्या दोन याद्यांत उतारा मागा. तो फसला, तर तिसरीत नावे लिहून मुलेच मागा. तिथे चुकलात, तर मुले कायमची गेली."

मांत्रिकाने सांगितलेला पहिला उतारा होता एक दगड आणि एक फूल. चिटणिसाने लिहिले, दगडफूल. साळुंकीने मसाल्याचे दगडफूल आणून टाकले.

दुसरा उतारा नाग आणि केशर. राजाने दहादा बजावले, "पंत, मधे थांबा!" पंतांनी मान डोलावली आणि लिहिले, नागकेशर. अहो, सांगतानासुद्धा डोके फिरते! साळुंकी चोचीत नागकेशर घेऊन आली आणि कडाडली, "महाराज, मुले सोडवायची आहेत, की मसाला कुटायचा आहे?"

इकडे पाषाणांना तडे जाऊ लागले होते. राणीच्या तोंडचे पाणी पळाले.

तिसऱ्या यादीला चिटणीस पुन्हा बोरू सरसावून बसला. "कृष्णकमळ," तो पुटपुटला. "एका दमात!"

साळुंकीने पंख आपटले. "मग वेलीवरचे फूल आणून देते. जांभळे, सुवासिक. बसा हुंगत!"

राणीने पंतांच्या हातातला बोरू हिसकावला.

"राणीसाहेब! सात पिढ्यांत असे घडले नाही!"

"सात पिढ्यांत कुणाची मुलेही दगड झाली नव्हती," राणी म्हणाली. तिने 'कृष्ण' लिहिले आणि बोरू उचलला. "ही दोघे शेजारी निजली की भांडतात, पंत. म्हणून मधे मी निजते. ही माझी जागा आहे." तिथे तिने स्वल्पविराम दिला आणि मग 'कमळ' लिहिले.

साळुंकी यादी घेऊन उडाली आणि शाप उतरला. कृष्ण हलला, कमळ हलली, आणि कोण आधी हलले यावरून दोघांची जुंपली.

राजाने त्याच दिवशी दवंडी पिटवली, की यापुढे राजाज्ञा जिथे थांबायला हवे तिथे थांबेल. गदाधरपंत कानांवर हात ठेवून बसले. राणीनेही दवंडी ऐकली नाही. ती दोघांच्या मधे जाऊन बसली होती.