पाटलाचे दात आणि पहिला ऊस

विषय: पाटीलकी आपल्याला मिळण्याबाबत पाटलाच्या चुलतभावाचा अर्ज. त्या अनुषंगाने हकीकत अशी:

फार पूर्वी, उसाच्या एका गावात एक पाटील होता. गावचा रिवाज असा, की हंगामाचा पहिला ऊस पाटलाने चावडीसमोर दाताने सोलायचा. सोलता आला नाही, तर पाटीलकी भाऊबंदाकडे.

पाटलाच्या गालात दिवसभर खडीसाखर असे. ती चुलतभाऊच पुरवी, निव्वळ प्रेमापोटी. एके दिवशी एक दाढ ठणकली आणि पडली. पाटलाला समोर ऊस दिसू लागला. तो वैद्याकडे धावला.

"वैद्यबुवा, साखर सोडली बरं का! आता फक्त गूळ चघळतो. मधूनमधून मध."

"पाटील, चोराने पागोटं बदललं म्हणून तो पाहुणा होत नाही. गूळ काय, मध काय, किडीला सगळं सारखंच. तुम्ही तर गालात अन्नछत्र उघडलंय! गोड खायचं ते जेवणाबरोबर खा, चूळ भरा. तोंडाला चाळाच हवा असेल, तर ज्येष्ठमधाची काडी चघळा. जिभेला गोड लागते, किडीच्या हाती फारसं काही लागत नाही."

"मग पडलेली दाढ परत येईल?"

"ती गेली. उरलेल्या सांभाळा."

घरी पाटलीणबाई म्हणाल्या, "हेच मी कधीपासून सांगतेय."

"तू काय वैद्य आहेस?"

"नाही ना! दक्षिणा घेत नाही, म्हणून ऐकत नाही तुम्ही."

पाटलाने काडी धरली. उरलेली खडीसाखर चुलतभावाला परत गेली. पैसे मोजून घेतलेली टाकवेना, म्हणून त्याने ती स्वतःच्या गालात ठेवली.

हंगाम आला. चुलतभाऊ नवा फेटा बांधूनच चावडीवर हजर. पाटलाने देवाचे नाव घेतले, सुळा रुतवला आणि सर्रकन सालीची लांब पट्टी ओढली. गाव ओरडले. पाटलाने उसाचा रस गिळला आणि लगेच तांब्या मागवून खळखळून चूळ भरली.

"अर्जदारांनीही सोलून दाखवावा," पंच म्हणाले.

अर्जदार काहीतरी बोलले. गाल सुजला असल्याने कोणालाच कळले नाही.

तात्पर्य: गोडाचे नाव बदलून जीभ फसते, दात फसत नाहीत.

सूज उतरल्यावर अर्जदाराचे म्हणणे ऐकण्याचे ठरले आहे. तूर्त अर्ज प्रलंबित आहे.