शंखाचा हेवा

मुलांनो, ओढ्याकाठच्या एका दाट जंगलात एक उघडी गोगलगाय राहत असे. उघडी म्हणजे पाठीवर शंख नसलेली. तिच्या शेजारी शंख असलेली दुसरी गोगलगाय राहत होती. एका सकाळी दोघी पाला खात असताना अचानक साळुंकीने झडप घातली. शेजारीण चटकन शंखात शिरली. साळुंकीने चोच मारून पाहिली आणि तिचा नाद सोडला. उघडी मात्र कशीबशी दगडाच्या फटीत घुसली, तीही शेपटीचा तुकडा गमावून. तिने बाहेर डोकावून पाहिले, तर शेजारीण पुन्हा निवांत पाला कुरतडत होती! जखमेपेक्षा ते दृश्यच तिला जास्त झोंबले.

त्या दिवसापासून शेजारणीचा शंख दिसला की हिचे तोंड वाकडे होई. शेवटी न राहवून तिने विचारले, "कुठून आणलास गं हा शंख?"

"आणला नाही बाई, अंगातच घडला," शेजारीण म्हणाली. "पाल्यातून, मातीतून मी थोडा थोडा चुना खाते. श्वासातला वायू त्याला भेटतो. दोघे एकमेकांना असे घट्ट धरतात, की चुना चुना राहत नाही आणि वायू वायू राहत नाही. त्यांचा शंख होतो."

'खोटारडी!' उघडी मनात म्हणाली. 'वाऱ्याचा कधी दगड होतो का? मला शंख मिळू नये म्हणून काहीबाही सांगते झालं. खरा तो चुनाच.'

जंगलाच्या कडेला, ओढ्यालगत चुन्याची भट्टी होती. भट्टीबाहेर कळीच्या चुन्याचा पांढराशुभ्र ढीग पडला होता. उघडी सरपटत तिथे गेली आणि त्यात मनसोक्त लोळली. "आता बघू दे तिला माझी पाठ!" असे ती म्हणते न म्हणते, तोच तिच्या ओल्या अंगावर चुना तापू लागला. पाठ भाजून निघाली. तिची किंकाळी ऐकून ओढ्याकाठी चरणारी शेजारीण ओरडली, "पाण्यात उतर! थांबू नकोस!" उघडी तडफडत काठापर्यंत आली, पण तिथेच एका दगडावर गळून पडली. शेजारणीने शंखाने रेटत तिला वाहत्या पाण्यात ढकलले, तेव्हा कुठे तिचा जीव वाचला.

काही दिवसांनी शेजारीण तिला त्याच दगडापाशी घेऊन गेली. उघडीच्या अंगावरून गळलेला चुना तिथे वाळला होता.

"याला शिंग लावून बघ."

उघडीने भीत भीत शिंग लावले. चुना थंडगार होता आणि दगडासारखा टणक. "हाच का तो मेला?"

"हाच. पण आता तो एकटा नाही, हवेतल्या त्याच वायूशी बांधला गेलाय."

मुलांनो, मूलद्रव्येही अशीच एकमेकांशी बांधली जातात आणि त्यांचे संयुग होते. त्याचे गुण मग मूळ द्रव्यांहून अगदी निराळे असतात.

"म्हणजे तू खरंच सांगत होतीस," उघडी खाली मान घालून म्हणाली.

"हो गं. पण तुझं सगळं लक्ष माझ्या पाठीवर होतं, बोलणं ऐकलंस कुठे?"

उघडीच्या पाठीची आग केव्हाच शमली होती. मनातली त्या दिवशी शमली.

तात्पर्य : मत्सराला दुसऱ्याची तयार वस्तू तेवढी दिसते, ती कशाकशाच्या जोडणीतून घडली ते दिसत नाही, म्हणून तो अर्धेच उचलतो आणि त्यानेच भाजून निघतो.